मीठ, मडके आणि मोहरीचे पान : आशियातील एका पालेभाजीच्या साठवणुकीचा इतिहास

प्रस्तावना

अन्नाच्या इतिहासात धान्य, मसाले, साखर आणि चहा यांना जे स्थान लाभले, ते पालेभाजीला लाभलेले नाही. धान्य कोठारात राहते, मापाने मोजता येते आणि त्यावर सारा बसविता येतो. मसाले जहाजात भरले जातात, त्यांच्या पावत्या व जकातीच्या नोंदी मागे उरतात. पालेभाजी मात्र सकाळी खुडावी आणि रात्रीपर्यंत संपवावी अशी वस्तू. जेम्स स्कॉट या अभ्यासकाने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अगेन्स्ट द ग्रेन' या ग्रंथात प्राचीन राज्यसंस्था धान्यावरच का उभी राहिली याची चर्चा केली आहे. धान्य जमिनीवर दिसते, एकाच वेळी पिकते आणि म्हणून वसूल करता येते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. या कसोटीवर पालेभाजी राज्यकर्त्यांच्या दृष्टीस पडण्याचे कारणच नव्हते. परसातील वाफ्याची मोजणी कोणी करीत नव्हते.

परंतु ज्या प्रदेशांत हिवाळा कडक असतो किंवा वर्षातील काही महिने ताजा पाला मिळतच नाही, तेथे पान टिकविणे ही जगण्याची गरज होती. ते टिकविण्यासाठी जे लागे, म्हणजे मीठ, त्यावर मात्र राज्याची नजर फार पूर्वीपासून होती. चीनमध्ये मीठ आणि लोखंड यांवरील सरकारी मक्तेदारी असावी की नसावी, यावर इ. स. पूर्व ८१ मध्ये दरबारात वादविवाद झाला होता. पान करमुक्त राहिले, पण पानाला वर्षभर जगविणारे मीठ करमुक्त राहिले नाही. प्रस्तुत लेखात आशियातील मोहरीच्या पालेभाजीचा, विशेषतः ती शिजविण्याच्या व साठविण्याच्या रीतींचा, या दृष्टीने विचार केला आहे. उत्तर चीन, नेपाळचा डोंगराळ प्रदेश आणि सिच्वान या तीन ठिकाणी मिठाची उपलब्धता जशी बदलली, तशी मडक्यातील कृतीही बदलली, असे येथे दाखवावयाचे आहे.

वनस्पती आणि तिचा तिखटपणा

मराठी घरात मोहरी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती फोडणी. तिचे पान भाजी म्हणून खाल्ले जाते हे अनेकांना ठाऊक असते ते पंजाबातील सरसोंच्या सागामुळे. चीन, जपान, कोरिया, नेपाळ आणि ईशान्य भारत येथे मात्र हीच वनस्पती, ब्रासिका जन्सिया, मुख्यतः भाजी म्हणून लावली जाते. कोठे तिचे पान रुंद व मांसल केले गेले, कोठे मूळ फुगविले गेले, तर सिच्वानमध्ये देठालाच गाठी आणल्या गेल्या. नेपाळीत तिला 'रायो' म्हणतात. आपल्या 'राई' या शब्दाशी त्याचे नाते कानालाच जाणवते.

ही वनस्पती मुळात संकरज आहे. सलगमाच्या कुळातील एक जाती आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून ती निर्माण झाली. पहिलीच्या गुणसूत्रांच्या १० जोड्या, दुसरीच्या ८, आणि दोन्ही एकत्र येऊन १८. हे नाते नागाहारू ऊ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली मांडले आणि ते आजही 'ऊ-त्रिकोण' या नावाने शिकविले जाते. ऊ यांचे वडील कोरियन आणि आई जपानी. १९५० मध्ये ते कोरियात गेले, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात त्यांनी कोबी व मुळा यांच्या बियाण्यावर काम केले आणि १९५९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. किमचीच्या मडक्यात जाणाऱ्या भाज्याच त्यांच्या हातून सुधारल्या गेल्या, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या संकराचे मूळ पश्चिम आशियात, सुमारे ८,००० ते १४,००० वर्षांपूर्वी, असल्याचे दाखविले. म्हणजे चीनची मानली जाणारी ही भाजी तेथे बाहेरून आली आणि तेथे तिला असंख्य रूपे मिळाली.

साठवणुकीचा इतिहास समजण्यासाठी तिच्या तिखटपणाचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. मोहरीचा दाणा कोरडा असताना झोंबत नाही, तो पाण्याबरोबर फेसला म्हणजे नाकातोंडात झिणझिण्या येतात, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. दाण्यात सिनिग्रिन नावाचे द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचे विकर निरनिराळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटल्या व पाणी मिळाले की दोहोंची गाठ पडते आणि झोंबरे द्रव्य तयार होते. पानातही हेच घडते. पान उकळत्या पाण्यात टाकले तर उष्णतेने विकर निष्क्रिय होते, म्हणून शिजलेली भाजी सौम्य लागते. उलट पान वाळवून, कुस्करून मडक्यात दाबले तर झोंबरेपणा आधी वाढतो आणि मग आंबताना हळूहळू बदलत जातो. शिजविणे आणि साठविणे या दोन कृती एकाच गुणाला दोन वेगळ्या दिशांना नेतात. म्हणूनच साठविलेली भाजी ही ताज्या भाजीची दुय्यम प्रत ठरली नाही. तिला स्वतःची चव आणि स्वतःचे पदार्थ लाभले.

ज्या सूशिए यांचे मडके

मोहरीच्या पानाच्या साठवणुकीचे सर्वांत तपशीलवार प्राचीन वर्णन 'चीमिन याओशू' या चिनी कृषिग्रंथात मिळते. उत्तर वेई राजवटीतील ज्या सूशिए या प्रांताधिकाऱ्याने इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो लिहिला. नावाचा अर्थ साधारणतः 'सामान्य जनांना आवश्यक अशा कला' असा होतो. दहा भागांच्या या ग्रंथात नांगरटीपासून दारू गाळण्यापर्यंत सर्व आहे. लेखक अधिकारी असला तरी त्याची नजर गृहस्थाची आहे. बी किती, कधी, कोणत्या ओलीवर पेरावे, मडके कोठे ठेवावे, हात कसे धुवावेत, अशा गोष्टींत त्याला रस आहे. नीडहॅम यांच्या ग्रंथमालेतील एच. टी. ह्वांग यांनी लिहिलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या खंडामुळे त्यातील आंबविण्याच्या प्रकरणांचे मोल जगापुढे आले.

या ग्रंथात मोहरीचा उल्लेख 'शू-जिए' असा येतो. 'शू' म्हणजे सिच्वानचा प्रदेश. उत्तर चीनच्या पिवळ्या मातीत बसून लिहिणारा लेखक या भाजीला 'सिच्वानची मोहरी' म्हणतो, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. पानांसाठी ही मोहरी सातव्या महिन्याच्या मध्यास पेरावी आणि दहाव्या महिन्यात, सलगमाची काढणी उरकल्यावर, काढावी असे तो सांगतो. ती कशासाठी काढावयाची हेही तो लगेच नमूद करतो : खारी साठवण, अळणी साठवण आणि वाळवण. भाजीचा वाफा लावतानाच हिवाळ्याच्या मडक्याचा हिशेब झालेला असे. ताजी खाऊन उरली म्हणून साठविली, असा हा प्रकार नव्हता.

खाऱ्या साठवणुकीची कृती मुळातून पाहण्यासारखी आहे. काढणीच्या वेळी चांगली पाने निवडून गवताने त्यांच्या जुड्या बांधाव्यात. अतिशय खारट पाणी करून त्यातच भाजी धुवावी आणि थेट मडक्यात भरावी. आधी साध्या पाण्याने धुतल्यास ती कुजते, असा स्पष्ट इशारा येथे दिला आहे. धुतलेले खारे पाणी निवळू द्यावे, वरचे स्वच्छ पाणी जुड्या बुडतील इतके मडक्यात ओतावे आणि मग ढवळू नये. अशा भाजीचा रंग हिरवाच राहतो. खाण्यापूर्वी पाण्याने खारटपणा काढून ती शिजविली असता ताज्या भाजीहून वेगळी लागत नाही.

एवढ्यावर सलगम आणि मोहरी यांसाठी तो थांबत नाही. या दोन भाज्या तीन दिवसांनी बाहेर काढाव्यात. बाजरीसारख्या भरडधान्याच्या पिठाची पेज करून तिची निवळ घ्यावी. बुरशी धरलेला गहू कुटून रेशमी कापडातून चाळावा. मग मडक्यात भाजीचा एक थर, त्यावर गव्हाच्या भुकटीची पातळ पेर, त्यावर गरम पेज, असे थर मडके भरेपर्यंत द्यावेत. प्रत्येक थरात देठ व शेंडे उलटसुलट ठेवावेत आणि शेवटी जुने खारे पाणी परत ओतावे. ही भाजी पिवळी पडते आणि चवदार होते.

या कृतीत मिठाबरोबर धान्यही कामाला लावले आहे. बुरशी धरलेल्या गव्हातील विकरे पेजेतील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात, ती साखर दुग्धाम्ल जिवाणूंना मिळते, आणि त्यांनी केलेल्या आम्लामुळे कुजविणारे जिवाणू मागे पडतात. ज्या सूशिए यांना जिवाणू ठाऊक नव्हते. साध्या पाण्याने धुतलेली भाजी कुजते आणि खाऱ्या पाण्याने धुतलेली टिकते, जुन्या पाण्यात काहीतरी कामाचे असते, हे मात्र ठाऊक होते. देठ व शेंडे उलटसुलट ठेवण्याची सूचना तर ज्याने स्वतः मडके भरले आहे किंवा भरणाऱ्या हातांकडे बराच वेळ पाहिले आहे, त्यालाच सुचेल. जुडीचा देठाकडील भाग जाड आणि शेंडा पातळ. एकाच बाजूला देठ आले तर थर तिरपा बसतो आणि मधे हवा राहते.

याच प्रकरणात मीठ न वापरता भाजी ताजी ठेवण्याची एक रीतही दिली आहे. नवव्या-दहाव्या महिन्यात भिंतीच्या दक्षिणेस, उन्हाच्या जागी, चार-पाच 'ची' म्हणजे सुमारे सव्वा ते दीड मीटर खोल खड्डा खणावा. त्यात भाजीचा एक थर, मातीचा एक थर असे देत यावे. वर सुमारे एक 'ची' जागा राहिली की थांबून गवताचा जाड थर घालावा. अशी भाजी हिवाळाभर टिकते आणि लागेल तेव्हा काढता येते. मिठाच्या मडक्याशेजारी हा मातीचा खड्डा ग्रंथात आला आहे. सर्व पाला मिठात घालणे प्रत्येक घराला परवडत नसणार, हे त्यावरून अनुमानिता येते.

ग्रंथ पुरुषाने लिहिला, अधिकाऱ्याने लिहिला. जुड्या कोणी बांधल्या आणि गारठलेल्या दिवसांत खाऱ्या पाण्यात हात कोणी घातले, ते त्यात येत नाही.

मिठाविना : गुंद्रुक

उत्तर चीनमध्ये मीठ महाग असले तरी मिळत होते. नेपाळच्या मध्य डोंगराळ पट्ट्यात स्थिती निराळी होती. तेथे मीठ दोन दिशांनी येई. उत्तरेकडून तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचे मीठ याकांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरून हिमालयाच्या खिंडी ओलांडून येत असे आणि त्याच्या बदल्यात डोंगरातील धान्य वर जात असे. दक्षिणेकडून भारतीय मीठ येई. या व्यापाराचे चित्र क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या १९७५ च्या 'हिमालयन ट्रेडर्स' या ग्रंथात सापडते. जेथे मिठासाठी धान्य मोजून द्यावे लागे, तेथे ते मडकाभर पाल्यावर ओतणे ही चैनच ठरली असती.

नेपाळच्या डोंगरांतील उत्तर होते गुंद्रुक. हिवाळ्यात रायो, मुळा किंवा फ्लॉवर यांचा पाला भरपूर येतो. तो एक-दोन दिवस सुकवितात, मग चिरून, कुस्करून मातीच्या मडक्यात किंवा बरणीत घट्ट दाबतात. हवा राहू नये म्हणून वर दगड ठेवतात वा तोंड लिंपतात आणि मडके उबेच्या जागी ठेवतात. आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत ते आंबते. आंबट वास आला की भाजी काढून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवितात. यात मीठ कोठेही नाही. मिठाचे काम येथे तिघांनी वाटून घेतले आहे. सुकविल्याने पाणी कमी होते, दाबल्याने हवा जाते आणि शेवटचे ऊन जिवाणूंचे काम थांबवून आंबट पान कोरडे करते. असे गुंद्रुक वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकते. वजनाला ते इतके हलके की पाठीवरच्या डोक्यात सहज जाते. चीनच्या ओल्या मडक्याला डोंगरातील पायवाटेवर हा लाभ मिळाला नसता.

मीठ दुर्मिळ म्हणून गुंद्रुक जन्मले, असे सरळ समीकरण मांडणे घाईचे ठरेल. परंतु पूर्व हिमालयात एकामागून एक बिनमिठाच्या आंबविलेल्या भाज्या आढळतात, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. मुळ्याच्या कंदाची सिंकी खड्ड्यात आंबविली जाते. नागालँड व मणिपूर येथील नागा समाजांत मोहरीच्या पानाचे 'इनझियांगसांग' करतात. ज्योती प्रकाश तमांग या सिक्कीममधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी या पदार्थांचा दीर्घ अभ्यास केला असून गुंद्रुकात लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस या गटांतील दुग्धाम्ल जिवाणू दाखविले आहेत. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या, पण समुद्र व खाणी यांपासून सारख्याच दूर असलेल्या समाजांनी एकच वाट धरावी, यामागे मिठाचा भूगोल होता असे मानणे सयुक्तिक वाटते.

शिजविण्याच्या रीतीतही हा फरक उतरला आहे. ताज्या रायोची भाजी नेपाळी घरात मोहरीच्या तेलात मेथीदाणे व सुकी मिरची तडतडवून, पाणी जवळजवळ न घालता, झटपट परततात. गुंद्रुक भिजवून, पिळून, तेलात परतून त्याचा आंबट झोळ करतात आणि त्यात सोयाबीन, बटाटा, टोमॅटो घालतात. ढिंडो म्हणजे मका वा नाचणीच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर तो खातात. बटाटा आणि टोमॅटो अमेरिकेतून आलेले. सोयाबीन मात्र जुने, आणि प्रथिनांच्या दृष्टीने तेच या जेवणाचा आधार. एकोणिसाव्या शतकात दार्जिलिंगच्या चहामळ्यांत कामाला गेलेल्या नेपाळी मजुरांबरोबर गुंद्रुकही तेथे गेले आणि रुजले. महाराष्ट्रात सोलापूर-मराठवाड्याकडे हरभऱ्याचा पाला वाळवून वर्षभर वापरतात, ती रीत या कुळातली वाटते, पण त्यात आंबविणे नाही. ऊन भरपूर आणि हवा कोरडी असली की निव्वळ वाळवण पुरते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली आंबविलेल्या फळभाज्यांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत नेपाळमधील गुंद्रुकाचे वार्षिक उत्पादन सुमारे २,००० टन आणि बहुतांश घरगुती असल्याचे म्हटले आहे. त्याच पुस्तिकेत एक अप्रिय सत्यही आहे. या प्रक्रियेत पानातील सुमारे ९० टक्के कॅरोटिन नष्ट होते, बहुधा उन्हात वाळविताना. गुंद्रुकाने डोंगरातील माणसाला ताजा पाला नसलेल्या महिन्यांत आंबटपणा, खनिजे आणि चव दिली. ज्या कॅरोटिनसाठी डॉक्टर पालेभाजी खा म्हणतात, ते मात्र वाटेत उन्हाने घेतले. परंपरेचा गौरव करणाऱ्या लेखनात ही दुसरी बाजू सहसा येत नाही.

तिबेटशी होणारा मिठाचा व्यापार १९५९ नंतर आक्रसला. १९६३ मध्ये नेपाळमध्ये सॉल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि १९७३ पासून भारताच्या साहाय्याने आयोडीनयुक्त मीठ पोहोचविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मीठ सर्वत्र मिळू लागले, तरी गुंद्रुक बिनमिठाचेच राहिले. गरज सरल्यावरही रीत टिकली, कारण दरम्यान ती चव झाली होती.

लिनशिएन : मडक्यावरील आरोप

बिनमिठाची रीत सर्वत्र सारखीच सुखरूप नव्हती. चीनच्या हनान प्रांतातील लिनशिएन हा डोंगराळ व पाण्याच्या तुटवड्याचा परगणा. १९६० मध्ये सुरू होऊन १९६९ मध्ये पूर्ण झालेला 'लाल झेंडा कालवा' डोंगर फोडून येथेच काढला गेला. येथे कोबी, सलगम, रताळ्याची पाने असा मिळेल तो पाला उकळत्या पाण्यातून काढून, पाणी घालून मडक्यात ठेवीत. मीठ नसे आणि शेवटचे वाळविणेही नसे. अशा ओल्या मडक्यावर पांढरी बुरशी येई आणि ही भाजी वर्षाचे बरेच महिने खाल्ली जाई. ती मोहरी नव्हती, पण रीतीच्या कुळात ती येथे येते.

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण या परगण्यात जगातील सर्वांत अधिक प्रमाणांपैकी एक असल्याचे आढळले आणि संशयाचे बोट मडक्याकडे वळले. १९९३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पारंपरिक आशियाई पद्धतीने मुरविलेल्या भाज्या 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातल्या. त्याच वर्षी लिनशिएनमधील सुमारे ३०,००० लोकांवरील जीवनसत्त्व-चाचणीचे निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र दिलेल्या गटात एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी आणि कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे मडक्यात जे होते त्याइतकेच, आहारात जे नव्हते तेही महत्त्वाचे होते. वर्षानुवर्षे ताजा पाला न मिळणे हा मूळ प्रश्न होता. मडके हे त्यावरील गरिबाचे उत्तर होते, आणि आरोप उत्तरावर झाला.

आंबविण्याच्या आरंभीच्या दिवसांत पानातील नायट्रेटचे नायट्राइट होते आणि आम्लता वाढल्यावर ते पुन्हा घटत जाते. म्हणून अर्धवट मुरलेले मडके उघडणे हेच धोक्याचे. चीनमधील अनेक घरांत सुमारे तीन आठवडे मडक्याला हात न लावण्याचा जो दंडक आहे, तो रसायनशास्त्र शिकून आलेला नाही.

मिठाच्या देशात : फूलिंगचे झात्साय

सिच्वानची कथा याच्या अगदी उलट आहे. समुद्रापासून दूर असूनही या प्रांताला मिठाची वाण नव्हती. झगोंग येथे बांबूच्या साधनांनी खोल विहिरी खणून खारे पाणी उपसले जाई आणि जमिनीतूनच निघणाऱ्या वायूवर ते आटविले जाई. १८३५ मध्ये तेथील शनहाय विहीर १,००० मीटरपेक्षा खोल गेली. तायपिंग बंडामुळे यांगत्सेच्या खालच्या भागातील किनाऱ्याचे मीठ अडले, तेव्हा १८५३ पासून सिच्वानचे मीठ नदीने हुपे प्रांतात जाऊ लागले. मिठाने घालून दिलेल्या याच जलमार्गावरून पुढे एक भाजी गेली.

यांगत्सेकाठच्या फूलिंग (तेव्हाचे फूचौ) परिसरात मोहरीच्या एका प्रकाराचे देठ फुगून त्यावर गाठी येतात. वनस्पतिशास्त्रात या प्रकाराला 'ट्युमिडा' म्हणजे फुगलेला असे नाव आहे. प्रचलित वृत्तांतानुसार १८९८ साली या भाजीचे पीक उदंड आले. छ्यू शौआन या व्यापाऱ्याकडील दंग बिंगचंग या नोकराने आपल्या गावाकडील मुरविलेल्या कंदांची रीत या देठांवर लावली. देठ नदीकाठच्या वाऱ्यावर सुकविले, मीठ लावले आणि सोयाबीनच्या पनीराचे पाणी काढण्यासाठी वापरतात तसल्या लाकडी दाबपेटीत दाबून खारे पाणी काढले. 'झा' म्हणजे दाबणे, 'त्साय' म्हणजे भाजी. छ्यूचे दुकान नदीच्या खालच्या अंगाला, हुपेमधील यीचांग येथे होते. मडकी तेथे गेली, खपली, आणि छ्यू घराण्याने ही रीत दहा-एक वर्षे गुप्त राखली असे सांगतात. याच १८९८ मध्ये यांगत्सेच्या घळींतून पहिली वाफेची बोट छोंगछिंगला पोहोचली होती.

छ्यूच्या बंधूने १९१२ च्या सुमारास हा माल शांघायला नेला आणि तेथून त्याला देशभर बाजार मिळाला. शेवयांवर चिमूटभर, डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांबरोबर रश्श्यात, किंवा नुसत्या भाताच्या पेजेबरोबर हे झात्साय खाल्ले जाते.

दाबपेटी ही लहानशी युक्ती, परंतु तिच्यामुळे मूळ साठवणुकीचा हेतूच पालटला. ज्या सूशिए यांचे मडके हिवाळा ओलांडण्यासाठी होते आणि ते घराबाहेर जात नसे. दाबून पाणी काढलेली भाजी नदीच्या प्रवासात सांडत नव्हती, फुगत नव्हती आणि परक्या शहरातही तीच चव देत होती. वेळ ओलांडण्याची कला अंतर ओलांडू लागली. मिठाचा सढळ वापर येथे शक्य झाला तो झगोंगच्या विहिरींमुळे. पुढे तीनदा मीठ लावून तीनदा दाबण्याची जी रीत रूढ झाली, ती नेपाळच्या डोंगरात कोणाच्या मनातही आली नसती. या वृत्तांतात मालक आणि नोकर या दोघांची नावे तरी राहिली. नदीकाठी बांबूच्या दोऱ्यांवर देठ ओवून टांगणाऱ्यांची नावे त्यात नाहीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा उद्योग सरकारी झाला. १९८० च्या दशकात मातीच्या मडक्याची जागा प्लास्टिकच्या लहान पुड्यांनी घेतली. २०१० मध्ये फूलिंगची प्रमुख उत्पादक कंपनी शेनझेनच्या शेअर बाजारात नोंदली गेली. पुडी स्वस्त, न नासणारी आणि खिशात मावणारी. गाव सोडून कारखान्यात आलेल्या मजुराच्या रेल्वे-प्रवासात आणि वसतिगृहातील भाताबरोबर ती असे.

२०१३ साली चिनी वृत्तपत्रांत 'फूलिंग झात्साय निर्देशांक' गाजला. नियोजन खात्यातील अधिकारी मजुरांचे स्थलांतर अजमावण्यासाठी या कंपनीची प्रदेशवार विक्री पाहतात, असे वृत्त होते. १९५८ पासूनच्या कुटुंब-नोंदणी पद्धतीत गावाकडे नाव असलेला मजूर प्रत्यक्षात कोठे राहतो, हे नोंदवहीवरून नेमके कळत नाही. स्थायिक नागरिकाची झात्सायची खरेदी फारशी बदलत नाही. त्यामुळे एखाद्या प्रदेशातील खप घटला तर तेथून मजूर गेले, असा तो तर्क. दक्षिण चीनचा विक्रीतील वाटा २००७ मध्ये ४९ टक्के होता, २००९ मध्ये ४७.५८, २०१० मध्ये ३८.५० आणि २०११ मध्ये २९.९९ टक्के झाला. खप घटण्याला वितरणातील बदल किंवा नवे स्पर्धक अशीही कारणे असू शकतात, हे ध्यानात घेता हा निर्देशांक काहीसा भाबडाच म्हणावा लागेल. तरीही कारखाने किनाऱ्यावरून आत सरकत होते आणि ग्वांगदोंगमधील मजूर आपापल्या प्रांतांकडे परतू लागले होते. परसातल्या ज्या वाफ्याची मोजणी कधी कोणी केली नव्हती, त्यातल्याच भाजीच्या पुड्या मोजून आता माणसे शोधली जात होती.